पडलेल्या झाडाचे नाव काय? साल आणि डहाळी सांगतील!

पावसाळ्यात वस्तीत एखादे झाड कोसळले की बघता बघता त्याची पाने नाहीशी होतात. थोडी शेळ्या खातात, थोडी चिखलात तुडवली जातात, उरलेली सफाईची गाडी नेते. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला राहतात ते ओंडके आणि काटक्यांचा ढीग. मग कोणीतरी विचारतो, "कसले झाड होते हो?" आणि दहा जण दहा नावे सांगतात. कारण आपल्यापैकी बहुतेकांची झाडाशी ओळख असते ती फळाफुलापुरती. कैरी दिसली की आंबा, चिंचेचा आकडा दिसला की चिंच. फळ नाही, फूल नाही, पानही नाही, अशा वेळी लहानपणापासून दारात उभे असलेले झाडसुद्धा परके वाटू लागते.

आम्ही पेशाने कारकून. पावती नाही तर नोंद नाही, ही आमची सवय. झाडाच्या बाबतीत साल ही पावती आहे आणि डहाळी ही त्या पावतीवरची सही आहे, असे आम्ही समजतो. दोन्ही जुळल्या की नाव लिहावे. एकच असेल तर नाव पेन्सिलीने लिहावे.

हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी आधी एक हकिगत सांगतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत नारळ, पोफळी, आंबा, काजूच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली. त्यातच टाळेबंदी. मुंबईतल्या चाकरमान्याला गावी जाणे सोपे राहिले नव्हते. आमच्या शेजारच्या एका कुटुंबाची गावी थोडी जमीन आहे, बांधावर चार जुनी झाडे होती. त्यांतली दोन पडली. लाकडाच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, "भाऊ, रानटी झाडं आहेत, जळाऊ माल. उचलून नेतो, वर काय असेल ते चहापाण्याला देतो." मुलगा मुंबईत जन्मलेला. त्याला बांध माहीत, पण बांधावरचे झाड माहीत नाही. तो 'हो' म्हणण्याच्याच बेतात होता.

आम्ही त्याला एवढेच सुचवले की, गावातल्या काकींना फोन कर, त्यांच्या नातवाला ओंडक्यापाशी पाठव आणि तीन फोटो मागव: सालीचा, कोयत्याने छाटलेल्या जागेचा आणि पेन्सिलीएवढ्या जाड डहाळीचा. फोटो आले. छाटलेल्या जागी पांढरा चीक ओघळलेला. डहाळीवर पेरापेराला बांगडी घातल्यासारखा गोल कडा. ओंडक्याच्या तोंडाशी बाहेर फिकट लाकूड आणि आत हळदीसारखा पिवळा गाभा. फणस! काकींनी तर फोनवर हसून विचारले, "अरे, एवढ्यासाठी फोटो कशाला? मला आधी विचारायचं होतंस." फणसाच्या लाकडाची दारे, चौकटी, कपाटे होतात, त्याला जळाऊ कोण म्हणेल? नाव कळल्यावर त्याच व्यापाऱ्याचा भाव बदलला. फरक त्या मुलाच्या महिन्याच्या पगाराच्या जवळपास होता.

व्यापारी गोल लाकूड मोजतो ते कसे, हेही ओघात सांगून ठेवतो. घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि मग लांबीने गुणायचे. घेर ४ फूट, लांबी १० फूट, तर चौथा हिस्सा १ फूट, म्हणजे लाकूड १० घनफूट. गणिताच्या पुस्तकाप्रमाणे काढले तर तेच लाकूड पावणेतेरा घनफुटांच्या आसपास भरते. मधली तूट साल, चिराई आणि वाया जाणारे लाकूड यांच्या नावे सोडलेली असते. ही जुनी रूढ पद्धत आहे, तिला फसवणूक म्हणता येणार नाही. पण मापात आधीच एवढी सूट दिलेली असताना वर नावातही सूट द्यायची काय?

कायद्याच्या दृष्टीनेही नावाला किंमत आहे. १९६४ चा झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा सरसकट सर्व झाडांना लागत नाही. त्याला अनुसूची जोडलेली आहे. साग, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन, ऐन, हिरडा ही झाडे तीत आहेत. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड तोडायची परवानगी दिली तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत, असेही त्या दुरुस्तीत आले. आता वय ठरवायचे कसे? नुसत्या घेरावरून ठरत नाही. गुलमोहर भराभर फुगतो, चिंच सावकाश वाढते. दोघांचा घेर सारखा असला तरी चिंचेचे वय कितीतरी जास्त असू शकते. म्हणजे पंचनाम्यात झाडाचे नाव चुकले की वय चुकले, आणि वय चुकले की लावायच्या झाडांची संख्याही चुकली. म्हणून वस्तीतले झाड पडले वा तोडले गेले, तर नोंदीत "एक झाड" एवढेच लिहून सही करू नका. नाव लिहायला लावा.

आता मूळ कामाकडे वळू. ओळख पटवायची तर जाड ओंडका आणि बारीक डहाळी दोन्ही पाहिली पाहिजेत. विशीतला माणूस आणि सत्तरीतला माणूस एकच असला तरी चेहरा वेगळा दिसतो, तसेच सालीचे आहे. कोवळ्या फांदीची साल गुळगुळीत आणि बुंध्याची फाटलेली, हे बहुतेक झाडांत आढळते. एकाच झाडाचे दोन तुकडे पाहून ही दोन झाडे आहेत, असा वाद घालणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

काही साली दुरूनच बोलतात. ऐनाची साल काळपट आणि चौकोनी खवल्यांत फाटलेली असते, थेट मगरीच्या पाठीसारखी. एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. त्याचाच भाऊबंद अर्जुन, पण साल अगदी उलट: फिकट, गुळगुळीत, मोठमोठ्या पातळ तुकड्यांत सुटणारी, खाली गुलाबीसर. पेरूची साल तांबूस, तिचे कागदासारखे पापुद्रे निघतात आणि खाली हिरवट अंग दिसते. निलगिरीची साल लांब पट्ट्यांनी सोलून लोंबते. चिंचेची साल उभी-आडवी तडकून तिच्या बारीक चौकटी होतात. बाभळीची साल काळी आणि खोल उभ्या भेगांची. हिच्यात तुरटपणा भरपूर असतो, म्हणूनच पिढ्यान्पिढ्या ती कातडी कमावण्यासाठी वापरली गेली. बुचाच्या झाडाची साल बोटाने दाबली तर दबते, ती बुचासारखी मऊ असते आणि नावही त्यावरूनच पडले. सागाची साल मात्र साधी. करडी-तपकिरी, पातळ, उथळ उभ्या भेगांची, लक्षात राहण्याजोगे त्यात काही नाही. सागाला पकडायचे ते डहाळीवर.

वरची साल पाहून झाली की चाकूने किंवा विळ्याच्या टोकाने नखाएवढी जागा खरवडावी. आतली साल अधिक खरे बोलते. वड, पिंपळ, उंबर, फणस, मोह, सातवीण यांना पांढरा चीक येतो. पळसाला छेद दिला की लाल रस येतो आणि वाळून त्याचा लाल डिंक होतो. शेवग्याचा डिंक आधी पांढरा असतो, मग तांबूस होत जातो, आणि लाकूड असे पोकळ-मऊ की कोयत्याच्या एका घावात फांदी तुटते. आंब्याची डहाळी मोडून नाकाशी धरली तर कैरीच्या देठाजवळचा तो उग्र वास येतो. कडुनिंबाची आतली साल तांबूस असते. जुनी माणसे चव घेऊनही पाहत, परंतु आमची कळकळीची विनंती आहे की, अनोळखी सालीला जीभ लावू नका. कारण पुढे येईलच.

आता डहाळी. झाडाला लागलेले पान गळते तेव्हा देठाच्या जागी वण राहतो. आपल्या दंडावर लस टोचल्याचा वण असतो तसाच. या वणांची मांडणी पाहावी. समोरासमोर दोन दोन असतील तर साग, जांभूळ, पेरू, चंदन यांचा विचार करावा. एक इकडे, एक तिकडे असे असतील तर आंबा, फणस, चिंच, बाभूळ, कडुनिंब यांचा. एकाच ठिकाणी चार ते सात वण गोल बसलेले दिसले तर बहुधा सातवीण. हिचे लाकूड मऊ आणि हलके. त्याच्या पूर्वी शाळेच्या पाट्या करीत, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातही शाळकरी असा अर्थ आला आहे. ज्या काळी आपल्या पोरांना त्या पाटीला हात लावायची मुभा नव्हती, त्या काळातले ते नाव.

डहाळी बोटांत फिरवून पाहा. गोल लागते की चौकोनी? साग आणि पेरू या दोघांची कोवळी डहाळी चौकोनी असते. मग दोघांत फरक कसा करायचा? पेरूची जाड फांदी पापुद्र्याची आणि गुळगुळीत असते. सागाच्या शेंड्याला एखादे कोवळे पान चिकटून राहिले असेल तर ते तळहातावर चोळावे, हात लाल होतो. पोरांना ही गंमत दाखवा, त्यांना सागाची ओळख जन्मभर राहील.

फणसाच्या डहाळीवरचा जो कडा वर सांगितला, तो वडाच्या घराण्यातल्या अनेक झाडांत आढळतो. पान उमलण्यापूर्वी कोंबावर टोपीसारखे एक आवरण असते. ते गळून पडते आणि त्या जागी भोवती गोल रेघ राहते. कडा आणि चीक दोन्ही असतील तर वड, पिंपळ, उंबर, नांदरुक किंवा फणस. लाकडाचा गाभा पिवळाधमक असेल तर फणस. आणि कडा आहे पण चीक नाही, तर सोनचाफा असण्याचा संभव मोठा. पिंपळाचा शेंड्याचा कोंब टोकदार असतो. बोधिवृक्षाची फांदी पावसात पडली आणि महापालिकेच्या कामगारांनी ती तोडून ढिगात टाकली, तरी टोकदार कोंब, चीक आणि कडा या तीन खुणांवरून आपल्या घरची मुले तिला ओळखू शकतील.

काट्यांकडेही नीट पाहावे. काटा दिसला की बाभूळ म्हणायची आपल्याकडे सवय आहे. बाभळीचे काटे पांढरे, सरळ आणि जोडीने असतात, आणि ते पानाच्या बुडाशीच येतात. खैराचे काटेही जोडीने, पण आखूड आणि मांजराच्या नखासारखे वाकडे, शिवाय खैराची साल अरुंद लांब पट्ट्यांनी सुटते. बेलाला आणि लिंबाला काटा येतो तो पानाच्या बगलेत. काटेसावर आणि पांगारा यांचे काटे मात्र सालीचे असतात, कुठेही उगवतात आणि अंगठ्याने बाजूला रेटले तर साफ निखळतात. सावरीचा काटा बुडाशी शंकूसारखा रुंद. या दोघांचे लाकूड मऊ, चौकटीला उपयोगाचे नाही. आणि सुबाभूळ? नावात बाभूळ आहे, अंगावर एक काटा नाही. तिची साल राखाडी आणि बरीचशी गुळगुळीत असते आणि डहाळीवर चपट्या तपकिरी शेंगांचे झुबके वाळून लोंबत असतात.

शहरात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो गुलमोहर आणि सोनमोहर यांत. दोन्ही रस्त्याच्या कडेला, दोघांची पाने पिसासारखी, आणि पाने गेल्यावर दोघांचे ओंडके करडे. येथे डहाळीचे टोक पाहावे. सोनमोहराच्या कोवळ्या शेंड्यावर गंजासारखी तपकिरी लव असते, बोटाला मखमलीसारखी लागते. गुलमोहराचा शेंडा हिरवा असतो, ती गंजासारखी लव त्याच्यावर नसते. दुसरी जोडी कडुनिंब आणि बकाण यांची. बकाणाच्या डहाळ्यांवर पाने गळल्यावरही पिवळट गोल फळांचे घोस तसेच राहतात. कडुनिंबाची लिंबोळी लांबट, आणि ती पिकली की गळून जाते. बकाणाची फळे विषारी आहेत, तेव्हा लिंबोळ्या समजून पोरांनी ती तोंडात घालू नयेत, एवढी काळजी घ्यावी.

आता माताभगिनींसाठी विशेष. गॅस महागला की पडलेल्या झाडाच्या काटक्या चुलीसाठी गोळा करण्याची पाळी पुष्कळ घरांत येते. पाणी तापवायला, लग्नाकार्यात मोठा स्वयंपाक करायला सरपण लागतेच. ढिगात हात घालण्यापूर्वी चार झाडे मनात पक्की ठेवा.

पहिली कण्हेर. रस्त्याच्या दुभाजकावर आणि बागेत हिची रांगच्या रांग असते आणि छाटणीनंतर काटक्या तशाच पडून राहतात. सरळ, लवचिक, हाताळायला बऱ्या, म्हणून माणूस सहज उचलतो. तिच्या डहाळीवर पानांचे वण बहुधा तीन-तीन एका ठिकाणी असतात. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, तिचा धूरही अपायकारक. तिच्यावर काही भाजू नये आणि तिची काडी खाण्याच्या पदार्थात खोचू नये. दुसरी पिवळी कण्हेर, हिलाच कोणी बिट्टी म्हणतात. हिला पांढरा चीक येतो आणि हिची बी तर अतिशय विषारी. तिसरा शेर. पाने जवळजवळ नाहीतच, नुसत्या पेन्सिलीसारख्या हिरव्या गोल डहाळ्या. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. चीक उडालाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि तसेच दवाखाना गाठावा. आणि चौथा बिबा. शहरात कमी, परंतु गावाकडे रानातून आलेल्या मोळीत असू शकतो. सालीला जखम झाली की जो रस येतो, तो हवेवर काळा पडतो. परटाच्या कपड्यावरची ती काळी न निघणारी खूण बिब्याच्याच रसाची. अंगाला लागला तर फोड येतात, आणि त्याचा धूरही बाधतो. ओंडक्यावर असे काळे ओघळ दिसले तर ते लाकूड कितीही सुकलेले असो, घरात आणू नये.

ही सारी माहिती आम्ही कोठून जमवली? पुस्तकांतून थोडी, आणि बरीचशी लाकडाच्या वखारीत ओंडके वाहणाऱ्या, झाडे तोडणाऱ्या, मोळी विकणाऱ्या माणसांकडून. थिओडोर कुक या गृहस्थांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्यात शास्त्रीय नावांबरोबर इकडची बोलीतली नावेही दिलेली आहेत. ती नावे कोण्या साहेबाच्या डोक्यातून निघालेली नाहीत, कोणा ना कोणा गावकऱ्याच्या, मजुराच्या तोंडचीच ती. आमच्या ओळखीच्या वखारीतला एक हमाल ओंडक्यावर नुसती थाप मारून नाव सांगतो, आणि त्याला अक्षरओळख नाही. असली माणसे म्हातारी होत चालली आहेत. घरात आजी-आजोबा असतील तर रविवारी नातवंडांनी त्यांच्यापुढे चार डहाळ्या ठेवून विचारून घ्यावे आणि वहीत लिहून ठेवावे.

एवढे करूनही नाव लागले नाही, तर अंदाजाने ठोकून देऊ नये, नमुना जपून ठेवावा. वीतभर डहाळी घ्यावी, तिच्यावर शेंड्याचा कोंब आणि दोन-तीन वण असलेच पाहिजेत. ढिगात शोधून चुरगळलेले एखादे पान, वाळकी शेंग, जे मिळेल ते सोबत घ्यावे. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर विटा किंवा जाड पुस्तके ठेवावीत, आणि पावसाळ्यात रोज कागद बदलावा, नाहीतर बुरशी धरते. सालीचा हाताएवढा तुकडा वेगळा सावलीत वाळवावा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, दोन दिवसांत कुजतो. मग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयात वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. तेथे वाळवलेल्या वनस्पतींचे जुने नमुने सांभाळून ठेवलेले आहेत. जाताना नमुन्याबरोबर एक चिठ्ठी अवश्य लावावी: झाड कोणत्या तारखेला पडले, कोणत्या जागी, बुंध्याचा घेर किती, उंची अंदाजे किती, छाटल्यावर चीक आला की नाही आणि त्याचा रंग कोणता, गाभ्याचा रंग कोणता. चीक आणि रंग ही दोन उत्तरे त्याच दिवशी लिहावीत, कारण आठवड्याभरात चीक वाळतो आणि फणसाचा पिवळा गाभाही हळूहळू तपकिरीकडे झुकू लागतो.